अगंबाई, बाटलीत भलतंच कुणी!

कुणाला बोलू नका, पण शास्त्रज्ञ मंडळींत सध्या जुळवाजुळवीचं खूळ शिरलंय. एका विषयात असतं तर मी एवढी बोललेही नसते. पण जीवशास्त्रवाले जुळवतायत, पोलिसांच्या प्रयोगशाळेतले जुळवतायत, रात्रभर आकाशाकडे बघणारे जुळवतायत. ग्रंथालयातले ते शांत, चष्मेवाले लोकसुद्धा या नावाची त्या नावाशी गाठ मारत बसलेत. आणि आपल्या आजीला ‘पत्रिकाबित्रिका सगळं थोतांड’ म्हणून गप्प बसवणारे हेच लोक आता एकमेकांना विचारतात, ‘किती टक्के जुळले?’

पत्रिकेचा विषय निघालाच आहे तर पुण्यातली गोष्ट सांगूनच टाकते. २००८ साली जयंत नारळीकरांनी, नरेंद्र दाभोलकर आणि संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे यांना सोबत घेऊन, चक्क ज्योतिषांची परीक्षा घेतली. हुशार मुलांच्या आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पत्रिका एकत्र मिसळल्या, प्रत्येक ज्योतिषाला चाळीस दिल्या आणि सांगितलं, ओळखा कोणती कुणाची. २७ जणांची उत्तरं आली. सरासरी ४६ टक्के बरोबर! नाणं उडवलं असतं तरी पन्नास पडले असते. ज्योतिषांचा निकाल असा चव्हाट्यावर आला, ते योग्यच झालं. पण प्रयोगशाळांनी स्वतःच्या जुळवणीचा निकाल कधी तुम्हाआम्हाला सांगितला? नाही ना? मग आज तेच उकरू.

जर्मनीतल्या एका बाईपासून सुरुवात करते. बाई म्हणजे महाभयंकर. १९९३ साली एका वृद्धेचा खून झाला, तिथे हिचा डीएनए. मग चोरीच्या मोटारींत हिचा डीएनए. एका अर्धवट खाल्लेल्या बिस्किटावर, नशेच्या इंजेक्शनच्या सुईवर, सगळीकडे हीच. जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्स मिळून चाळीसेक ठिकाणं! २००७च्या एप्रिलमध्ये हाइलब्रॉन शहरात एका तरुण महिला पोलिसाला गोळी घालून मारलं, तिच्या पोलीस गाडीतही हीच. बरं, गुन्ह्यांचं काही ताळतंत्र नाही. आज खून, उद्या किरकोळ घरफोडी. साथीदार दर वेळी नवे. त्यातले काही पकडले गेले, पण एकाही पठ्ठ्यानं हिला पाहिलेलं नाही. वर्तमानपत्रांनी ‘चेहरा नसलेली बाई’ असं बारसं केलं, सरकारनं तीन लाख युरोंचं बक्षीस लावलं, शेकडो पोलीस कामाला लागले.

मग फ्रान्समध्ये एक जळालेला मृतदेह सापडला. तो कुणाचा हे ठरवायला एका पुरुष निर्वासिताच्या जुन्या अर्जावरचे बोटांचे ठसे तपासले, आणि त्या पुरुषाच्या अर्जावरून निघाला याच बाईचा डीएनए. तेव्हा कुठे मंडळींच्या डोक्यात प्रकाश पडला. मार्च २००९मध्ये जाहीर झालं, की नमुने उचलायचे कापसाचे बोळे ज्या कारखान्यात भरले जात, तिथल्या एका कामगार बाईचा हा डीएनए. ती बिचारी इमानेइतबारे पॅकिंग करत होती आणि इकडे तीन देशांचे पोलीस तिच्या मागावर! बोळे निर्जंतुक केलेले होते हो, पण जंतू मेले म्हणून डीएनए जात नाही. बव्हेरियात मात्र ही बाई कधी फिरकली नाही. का, तर तिथले पोलीस बोळे दुसरीकडून आणत.

आता गंमत अशी, की जुळणी एकदाही चुकलेली नव्हती. चाळीसच्या चाळीस ठिकाणी बाई तीच होती. यंत्र खरं बोललं, रसायन खरं बोललं, टक्केवारी खरी. खोटी होती ती त्यावर रचलेली कथा. पुढे २०१६ साली अशा साहित्यासाठी आयएसओ १८३८५ नावाचं खास मानक निघालं, बोळ्यांवर माणसाचा डीएनए नको म्हणून. म्हणजे खुनाच्या तपासातल्या बोळ्यांसाठी असं आंतरराष्ट्रीय मानक तोवर नव्हतंच!

अमेरिकेची एफबीआय तरी शहाणी असेल म्हणता? ऐका. ११ मार्च २००४ रोजी माद्रिदच्या लोकल गाड्यांत बॉम्बस्फोट झाले. स्पेनच्या पोलिसांना स्फोटकांच्या पिशवीवर बोटाचा ठसा मिळाला. एफबीआयच्या संगणकानं त्याच्याशी मिळतेजुळते वीस ठसे काढून दिले आणि तज्ज्ञांनी त्यातून ऑरेगॉन राज्यातला एक वकील निवडला. एकानं नव्हे, तीन तज्ज्ञांनी. पुढे कोर्टानं नेमलेल्या चौथ्यानंही मान डोलावली. स्पेनचे पोलीस अटकेच्या तीनेक आठवडे आधीपासून सांगत होते, की बाबांनो, आमच्या मते हा तो नव्हे. पण ऐकतो कोण? मे महिन्यात वकिलाला आत टाकलं. दोनेक आठवड्यांत स्पेननं तो ठसा एका अल्जीरियन माणसाचा असल्याचं सांगितलं, तेव्हा सोडलं. २००६ साली अमेरिकन सरकारनं माफी मागून वीस लाख डॉलर मोजले.

चार तज्ज्ञ एकाच वेळी कसे हो चुकतात? त्याचं असं आहे. संगणकाला कोट्यवधी ठशांत ‘यासारखा शोध’ म्हटलं, की तो कुणीतरी जवळचा आणतोच. ढीग जेवढा मोठा, तेवढा जवळचा अनोळखी सापडायचा संभव जास्त. त्यात पहिल्यानं ‘हाच’ म्हटल्यावर दुसऱ्याला तेच दिसायला लागतं. मुलीच्या मामानं स्थळाला पसंती दिल्यावर बाकीचे नातेवाईक पत्रिका उघडतात ती मोजायला थोडीच? कुठे जुळतंय तेवढंच बघायला.

आणि ठशांच्या या शास्त्राच्या स्वतःच्या ओळखीचा घोळ माहीत आहे ना? जगातलं पहिलं ठसे कार्यालय १८९७ साली कलकत्त्यात निघालं. वर्गीकरणाचं गणित बसवलं अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी. पद्धत ओळखली जाते कुणाच्या नावानं? एडवर्ड हेन्री साहेबांच्या! ज्या शास्त्राचं काम ‘हे कुणाचं’ ते सांगणं, त्याच्याच कपाळावर भलत्याचं नाव. आपल्याकडे तर आता सगळा देशच अंगठ्यावर चालतो. पहिला आधार क्रमांक नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला, २९ सप्टेंबर २०१० रोजी, मोठा समारंभ करून. त्यानंतर रेशनच्या दुकानात, जन्मभर शेतात राबून बोटांच्या रेषा झिजलेल्या आजीबाईंना ‘अंगठा उमटत नाही’ म्हणून परत फिरताना किती जणांनी पाहिलंय! समोर उभी असलेली बाई तीच आहे हे दुकानदाराला माहीत, रांगेला माहीत. फक्त यंत्राला पटत नाही.

सगळीच जुळवणी वाईट असं मी कुठे म्हणते? डीएनएवरून माणूस ओळखायची युक्ती लेस्टर विद्यापीठाच्या अ‍ॅलेक जेफ्रीज यांना सापडली १९८४ साली. त्याच भागात दोन शाळकरी मुलींचे खून झाले होते आणि सतरा वर्षांच्या एका पोरानं त्यातल्या एकाची कबुलीही दिली होती. जेफ्रीजनी नमुने तपासून सांगितलं, दोन्ही खून एकाच माणसाचे आणि तो माणूस हा पोरगा नव्हे. म्हणजे या तंत्रानं खुनाच्या खटल्यात पहिलं काम केलं ते निरपराध्याला सोडवायचं. मग पोलिसांनी आसपासच्या गावांतल्या सुमारे पाच हजार पुरुषांचं रक्त घेतलं. एकही जुळेना! आणि खुनी सापडला कसा माहितीये? एका बेकरीतला माणूस पबमध्ये बडबडला, की मी सहकाऱ्याच्या नावावर माझं रक्त देऊन आलो. शेजारी बसलेल्या बाईनं ते ऐकलं आणि काही आठवड्यांनी पोलिसांना कळवलं. पाच हजार नमुने एकीकडे आणि कान देऊन ऐकणारी एक बाई एकीकडे. उगाच नाही आम्ही गप्पांना शास्त्राचा दर्जा मागत.

आता ते घरबसल्या थुंकी पाठवायचं खूळ. परदेशी नातेवाइकांकडे गेलात तर कुणीतरी सांगतंच, ‘मी अमुक टक्के हे आणि तमुक टक्के ते.’ कॅनडातल्या सीबीसी वाहिनीच्या एका बातमीदार बाईनं २०१९ साली आपल्या जुळ्या बहिणीसह पाच कंपन्यांना थुंकी पाठवली. एकाच फलित बीजांडातून झालेल्या सख्ख्या जुळ्या बहिणी! तरी एकाच कंपनीनं दोघींना पूर्वजांची वेगवेगळी टक्केवारी दिली. आणि पाच कंपन्यांचं आपसात पटलं नाही ते वेगळंच. डीएनए तोच, मग फरक कुठला? ज्या नमुन्यांशी तुलना करायची त्यांचा साठा प्रत्येकीचा निराळा, आणि टक्के काढायची रीतही ज्याची त्याची. लोक मात्र ती टक्केवारी चौकटीत लावतात.

याच्या नेमकं उलट लफडं आकाशात झालं. १९७९ साली सप्तर्षींच्या भागात दोन क्वेसार, म्हणजे फार दूरच्या दीर्घिकांची झगझगीत केंद्रं, एकमेकांना खेटून सापडले. अंतर फक्त सहा विकला. दोघांचे वर्णपट ताडून पाहिले तर रेघ न् रेघ सारखी, आपल्यापासून दूर जाण्याचा वेगही तोच. जुळे म्हणावेत तर इतके सारखे? डेनिस वॉल्श, रॉबर्ट कार्सवेल आणि रे वेमन यांनी सांगून टाकलं, की हे दोन नाहीतच, एकच आहे. मध्ये एक दीर्घिका आहे, तिच्या गुरुत्वानं प्रकाश वाकतो आणि एकाचे दोन दिसतात. यावर खूप वाद झाले. शेवटी पुरावा आला तो चढउतारांच्या जुळणीतून. एका प्रतिमेत तेज वाढलं-उतरलं, की सुमारे ४१७ दिवसांनी दुसरीत हुबेहूब तसंच होतं, कारण दुसऱ्या वाटेनं येणाऱ्या प्रकाशाला तेवढा उशीर लागतो. ही खरी जुळवणी! नुसतं सारखं दिसतं म्हणून थांबले नाहीत. एक असेल तर पुढे काय दिसायला हवं ते ठरवलं, वाट पाहिली आणि तसं दिसलं. खगोलवाल्यांबद्दल मी तरी यापुढे वाईट बोलणार नाही.

वैद्यकशास्त्रातल्या साथरोगवाल्यांची जोड्या लावायची पद्धत जुनीच. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या इस्पितळांतल्या फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या ७०९ रुग्णांना, वय आणि लिंग जुळणारे ७०९ दुसरे रुग्ण शोधून दिले. १९५०चा तो निबंध. कॅन्सर झालेल्या ६४९ पुरुषांत सिगारेट न ओढणारे फक्त दोन! जोडीदारांत सत्तावीस. आणि यातली चविष्ट गोष्ट पुढेच आहे. काही रुग्णांना फुफ्फुसाचा कॅन्सर समजून घेतलं होतं, पण नंतर निदान चुकीचं निघालं. त्यांच्या सिगारेटी मोजल्या तर त्या कॅन्सरवाल्यांशी नव्हे, जोडीदारांशी जुळल्या. डॉक्टर चुकले, धूर चुकला नाही. मात्र जोड्या लावणाऱ्यांनी एक पथ्य पाळायचं असतं. ज्याचा संशय आहे तीच गोष्ट जुळवायची नाही. दोघं सारख्याच सिगारेटी ओढणारे निवडले असते, तर सिगारेट निर्दोष सुटली असती. जुळवण्याच्या हौसेपायी असे कितीतरी आरोपी सुटले असतील, देव जाणे.

नावांच्या भानगडीत फार वेळ घालवत नाही, कारण ती आपल्याच घरची आहे. निबंधावर ‘पाटील एस.’ छापलं, की तो सुनील, सचिन, संगीता की शुभांगी? जोशी म्हणून पीएच.डी. केलेली पोरगी लग्नानंतर कुलकर्णी म्हणून छापायला लागली, की आधीचे निबंध माहेरीच राहिले. म्हणून २०१२पासून ऑर्किड नावाचा सोळा अंकी क्रमांक आलाय, संशोधकांचा आधार म्हणा. जनुकांची नावं तर त्याहून बिचारी. ‘मार्च १’ आणि ‘सेप्ट २’ अशी जनुकं होती. एक्सेलमध्ये टाकली, की एक्सेल त्यांच्या तारखा करून मोकळं! २०१६च्या एका पाहणीत, एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या निबंधांपैकी सुमारे पाचव्या हिश्शात असले घोळ सापडले. शेवटी कोण नमलं? २०२० साली जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीनं अशा जनुकांचीच नावं बदलून टाकली.

आता जवळ या, खुर्ची ओढून घ्या. सगळ्यात मोठं प्रकरण पुढे आहे.

१९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात हेन्रिएटा लॅक्स नावाच्या कृष्णवर्णीय बाईच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या पेशी घेतल्या गेल्या. तिला न विचारता. त्याच वर्षी ती गेली, अवघी एकतीस वर्षांची. पेशी मात्र वाढत राहिल्या, दिवसाला दुप्पट. त्यांचं नाव ठेवलं हेला. पोलिओच्या लशीपासून कितीतरी शोध त्यांच्यावर उभे राहिले, आणि घरच्यांना याचा पत्ता लागला तो १९७३मध्ये. तिच्या वारसांची आणि त्या पेशी विकणाऱ्या एका कंपनीची तडजोड झाली २०२३ साली. इथे मी थट्टा करत नाही. ही लबाडी होती आणि तिला लबाडीच म्हणायचं.

थट्टा करायची ती पुढच्या शहाण्यांची. हेलाचा जोर इतका, की न धुतलेल्या हातावरून किंवा एकाच पिपेटनं दोन बाटल्या हाताळताना तिचा थेंब दुसऱ्या बाटलीत गेला, तरी काही आठवड्यांत त्या बाटलीतल्या मूळ पेशी संपतात आणि उरते फक्त हेला. बाहेरची चिठ्ठी तशीच, ‘यकृत’ म्हणून नाहीतर ‘आतडं’ म्हणून. १९६६ साली पेनसिल्व्हेनियात एका परिषदेत स्टॅन्ली गार्टलर उभे राहिले आणि त्यांनी अठरा वेगवेगळ्या सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेली पेशींची घराणी, तपासल्याचं सांगितलं. वेगवेगळ्या माणसांच्या, वेगवेगळ्या अवयवांच्या म्हणून नावाजलेल्या. सगळ्यांत एका एन्झाइमचा असा प्रकार निघाला, जो जवळजवळ फक्त आफ्रिकन वंशाच्या लोकांतच आढळतो. आणि यातल्या काही पेशी तर गोऱ्या लोकांच्या म्हणून नोंदलेल्या होत्या! सभागृहातल्या कितीतरी जणांचं वर्षानुवर्षांचं काम भलत्याच पेशींवर झालेलं. टाळ्या कोण वाजवणार?

मग आले वॉल्टर नेल्सन-रीस. त्यांनी तर १९७४पासून ‘सायन्स’ नियतकालिकात नावानिशी याद्या छापायला सुरुवात केली, की या बाटलीत हेला, त्याही बाटलीत हेला. रशियन शास्त्रज्ञांनी कॅन्सरविरोधी सहकार्याची मोठी भेट म्हणून अमेरिकेला पेशी दिल्या होत्या, त्याही हेलाच निघाल्या. शीतयुद्धाच्या दिवसांत म्हणजे लोखंडी पडद्यापलीकडेही ही पोचली होती! लोकांनी नेल्सन-रीस यांचे आभार मानले असतील? छे. ते नकोसे झाले, आणि १९८१मध्ये कंटाळून त्यांनी प्रयोगशाळाच सोडली.

मग सुधारले म्हणाल, तर तेही नाही. स्तनाच्या कॅन्सरवरच्या संशोधनात वर्षानुवर्षं वापरलेली एमडीए-एमबी-४३५ नावाची सेल लाइन त्वचेच्या कॅन्सरची, मेलानोमाची, निघाली. २०१७ साली नेदरलँड्सच्या रॅडबाउड विद्यापीठातल्या दोघांनी मोजलं, की चुकीच्या ओळखीच्या पेशी वापरून लिहिलेले ३२,७५५ निबंध आजही साहित्यात आहेत, आणि त्यांचे दाखले पुढचे लोक देतच आहेत. अशा बदनाम सेल लाइनींची एक आंतरराष्ट्रीय यादी आहे, आयसीएलएसी नावाच्या समितीची. पाचशेहून जास्त नावं, कुणालाही फुकट बघता येतात. डीएनएची एसटीआर तपासणीही आहे, फार महाग नाही, फार वेळही लागत नाही. मूळ नमुन्याशी ८० टक्के किंवा जास्त जुळलं तर घराणं एक म्हणायचं. आपल्याकडे छत्तीसपैकी अठरा गुणांवर लग्न लागतं, त्या मानानं नियम कडकच. पण नियम असून काय उपयोग? जर्मन पोलिसांना निदान आपले बोळे खराब आहेत हे ठाऊक नव्हतं. या मंडळींना १९६६पासून ठाऊक आहे. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणांत लाज वाटावी असं हे एकच आहे. बाकीच्या चुका झाल्या, ही चालू ठेवलेली आहे.

पुण्यात विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र आहे, देशातल्या पेशींचं भांडार तिथेच. तिथून रीतसर पेशी आणता येतात. तरी शेजारच्या लॅबमधल्या मैत्रिणीकडून एक फ्लास्क मागून आणायची रीत काही सुटत नाही. तेव्हा तुमच्या घरात, नात्यात, सोसायटीत कुणी पेशींवर पीएच.डी. करत असेल, तर ‘कधी संपणार’ आणि ‘लग्नाचं काय’ हे दोन प्रश्न या खेपेला राहू द्या. एवढंच विचारा, की बाटलीतल्या पेशींची एसटीआर तपासणी शेवटची कधी केलीस? ‘सीनियरनं दिल्यात, चांगल्या वाढतात’ असं उत्तर आलं, तर त्या पोराला आयसीएलएसीची यादी उघडून द्या. निबंध पाठवायच्या आधी, नंतर नव्हे.